पाचच्या आत सूर्यास्त

जपानमधील कोबे शहरात डिसेंबरचा सूर्य पाच वाजण्यापूर्वीच मावळतो. मोत्यांच्या पेढीवर बसलेल्या श्रावकाला ही गोष्ट दोन प्रकारे जाणवते. मोत्याचा रंग आणि त्याचे पाणी पारखावयाचे ते दिवसाच्या उजेडात. उजेड ओसरला की वर्गवारीचे काम आवरावे लागते. चौविहाराचा नियम असेल तर अन्नपाणीही त्याच सुमारास आटोपावे लागते. समोर पांढऱ्या कापडावर लड्या मांडलेल्या असतात, ग्राहकाशी भावाची बोलणी अर्ध्यावर आलेली असतात आणि पिशवीतला डबा उघडण्यास जेमतेम वीस मिनिटे उरलेली असतात. जूनच्या अखेरीस तोच सूर्य सव्वासातपर्यंत रेंगाळतो, तेव्हा घरी जाऊन कुटुंबासह जेवता येते. वर्षभरात जेवणाची वेळ अशी अडीच तासांनी पुढेमागे सरकते.

परदेशी राहून आहाराचा नियम सांभाळणे म्हणजे काय, याची कल्पना या एका गोष्टीवरून यावी. नियम तोच असतो, पण त्याभोवतीचा दिवस निराळा असतो. बाजार निराळा, शेजार निराळा, मुलांची शाळा आणि सुट्टीही निराळी.

मोत्यामागे आलेली माणसे

कोबे बंदर परदेशी व्यापारास १८६८ मध्ये खुले झाले. भारतीय व्यापाऱ्यांची मोठी वसाहत आरंभी योकोहामा येथे होती. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपाने ते शहर उद्ध्वस्त केले आणि अनेक भारतीय पेढ्या कोबेला आल्या. त्यांत बहुसंख्य सिंधी बांधव होते व त्यांचा व्यापार प्रामुख्याने कापडाचा होता. जैन कुटुंबांना कोबेकडे ओढले ते मुख्यतः मोत्याने.

मुंबईच्या जवाहिऱ्यांना या मोत्याने आधी धक्का दिला होता. इराणच्या आखातातील नैसर्गिक मोती, ज्याला आपण बसऱ्याचा मोती म्हणतो, तो मुंबईच्या बाजारातून जगभर जात असे. १८९३ मध्ये मिकिमोतो कोकिची यांनी तोबा येथे शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवून दाखविला. पुढे संपूर्ण गोल मोतीही पिकू लागले आणि १९२० ते १९४० च्या दरम्यान आखाती मोत्यांचा व्यापार ढासळला. ज्या देशाने जुना धंदा मोडला, त्याच देशात जाऊन नवा धंदा शिकावयाचा, हा निर्णय काही व्यापारी घराण्यांनी कालांतराने घेतला. मिए, एहिमे, नागासाकी या प्रांतांच्या खाड्यांत पिकलेला माल कोबेत येतो. तेथे तो स्वच्छ केला जातो, विंधला जातो, रंग व आकार जुळवून ओवला जातो. शहराच्या पाठीशी रोक्को पर्वताची रांग आहे. तिच्यावरून परतणारा मऊ उजेड मोती पारखण्यास अनुकूल असतो, असे तेथील जुने जाणकार सांगतात.

याच पर्वताच्या पायथ्याशी, सान्नोमिया स्थानकापासून चढणीच्या रस्त्याने वर गेले की कितानो हा भाग लागतो. जुन्या परदेशी व्यापाऱ्यांची लाकडी घरे येथे जपून ठेवली आहेत. या वस्तीत १९८५ मध्ये भगवान महावीर स्वामींचे जिनालय उभे राहिले. भारतातून आणलेल्या शुभ्र संगमरवराचे ते शिखरबंदी मंदिर जपानी घरांच्या गर्दीत दुरूनच ओळखू येते. जवळच १९३५ मध्ये बांधलेली, जपानमधील पहिली मशीद आहे, ज्यू बांधवांचे प्रार्थनास्थळही आहे. सकाळी दर्शनास चढणाऱ्या श्राविकेला वाटेत शाळकरी जपानी मुले भेटतात, फिरायला आलेले पर्यटक भेटतात. मंदिराच्या पायऱ्यांवर मात्र क्षणभर आपण मुंबईच्या वाळकेश्वरात आहोत असा भास होतो.

वाचता येईल तेच ताटात

तूरडाळ, गव्हाचे पीठ, हिंग, जिरे हे सारे कोबेत मिळते. भारतीय वाणसामानाची दुकाने आहेत. मशिदीच्या परिसरातील दुकानांतही मसाले व डाळी मिळतात. भाज्यांचीही ददात नसते. कोबी, पालक, भेंडी, लाल भोपळा, ढोबळी मिरची, काकडी आणि उन्हाळ्यात कारलेसुद्धा मंडईत येते. अडचण सुरू होते ती पाकीटबंद वस्तूपासून.

जपानी पाकिटावर घटकांची यादी अगदी काटेकोर असते, परंतु ती जपानी लिपीत असते. साध्या पावात डुकराची चरबी असू शकते. बिस्किटात अंडे, जेलीत प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले जिलेटिन, सुक्या खाऊत कोंबडीचा अर्क. करीच्या तयार वड्यांत गाईची चरबी सर्रास आढळते. अंडे आणि दूध यांचा उल्लेख ॲलर्जीच्या कायद्यामुळे ठळकपणे करावाच लागतो. कांदा-लसणाला तसे बंधन नाही, म्हणून बारीक अक्षरांची संपूर्ण यादी वाचण्यावाचून गत्यंतर नसते. खारवलेल्या आंबट उमेबोशी फळाचेच पाहा. वरकरणी ते निव्वळ लोणचे. पण त्याच्या एका प्रकारात वाळवलेल्या माशाचा कीस असतो, तर दुसऱ्या प्रकारात मध असतो. दोन्ही अभक्ष्य, आणि बरण्या एकसारख्याच.

म्हणून नव्याने लग्न होऊन आलेल्या सुनेचा पहिला जपानी धडा बहुधा स्वयंपाकघरातच होतो. निकु म्हणजे मांस, साकाना म्हणजे मासा, तामागो म्हणजे अंडे, तामानेगी म्हणजे कांदा. लसणाला निन्निकु म्हणतात. हा शब्द बौद्ध परंपरेतील क्षांतीच्या, म्हणजे सहनशील क्षमेच्या, जपानी नावावरून आला, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. जो पदार्थ आपण वर्ज्य मानतो त्याच्या नावात क्षमा दडलेली असावी, हे कळल्यावर त्या कठीण भाषेविषयी थोडी आपुलकी वाटू लागते.

शोजिन आणि जैन आहार

जपान म्हणजे मासे आणि कोबे म्हणजे गोमांस, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू यांनी वर्षातील काही महिने गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांच्या मांसभक्षणास मनाई केली होती. पुढेही बौद्ध प्रभावामुळे पशुमांस दीर्घकाळ निषिद्ध मानले गेले. १८७२ मध्ये सम्राट मेजी यांनी मांस खाल्ल्याचे जाहीर झाले, त्यानंतर ही प्रथा मोकळेपणाने पसरली.

बौद्ध मठांतील शोजिन नावाची पाकपद्धती आजही जिवंत आहे. तीत मांस-मासे नाहीत, आणि कांदा, लसूण यांसारख्या पाच उग्र वनस्पतीही वर्ज्य आहेत. दोगेन या झेन आचार्यांनी १२३७ मध्ये मठाच्या स्वयंपाक्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि रांधण्याच्या कामाला साधनेचे स्थान दिले. ओसाकाहून रेल्वेने कोयासान पर्वतावर जाता येते. तेथील मठांतून यात्रेकरूंना राहण्याची सोय आहे आणि जेवण शोजिन पद्धतीचे मिळते. अनेक भारतीय शाकाहारी कुटुंबांना हे स्थान जवळचे वाटते.

तरीही शोजिन म्हणजे जैन आहार नव्हे. मुळा, कमळकाकडी, रताळी, गोबो नावाचे लांब मूळ हे शोजिनचे नित्याचे घटक आहेत. कोन्याकु ही लवचीक वडी कंदाच्या पिठाची असते. तिळाचे गोमादोफु वरकरणी निर्धोक भासते, पण ते घट्ट करण्यासाठी कुडझु वेलीच्या मुळाचे सत्त्व वापरतात. अळंबीही ठिकठिकाणी असते. एवढेच नव्हे, तर रस्सा समुद्रातील शेवाळाचा असला तरी काटेकोर घरांत त्याविषयी प्रश्न उभा राहतोच, कारण आपल्या शास्त्रांनी शेवाळ अनंतकायात गणले आहे. उरते ते सोयाबीनचे तोफु, तेही वर माशाचा कीस न भुरभुरलेले. आणि भात, वाफवलेल्या शेंगा, पालेभाज्या. साम्य किती आणि भेद कोठे, हे दोन्ही नेमके ठाऊक असल्याखेरीज ताटावर बसता येत नाही.

आमंत्रणाचा पेच

जपानी व्यापारात संबंध दृढ होतात ते पुष्कळदा रात्रीच्या जेवणावर. माल पुरविणारा वडीलधारा व्यापारी अगत्याने बोलावतो. नकार द्यावा तर स्नेह दुखावतो, जावे तर सूर्यास्त झालेला असतो आणि ताटात काय येईल याची शाश्वती नसते. मिसोचे सार, उदोनच्या शेवया, उकडलेली भाजी, हे सारे शाकाहारी भासते. त्यांतील दाशी नावाचे पाणी मात्र बहुधा वाळवलेल्या माशाचे असते. अनेक जपानी लोकांच्या मनात दाशी ही माशाच्या सदरात येतच नाही, त्यामुळे “यात मासा नाही” हे उत्तर प्रामाणिक असूनही फसवे ठरते.

अनुभवी माणसे यावर एक साधी रीत पाळतात. ऐनवेळी ताट मागे सारण्याऐवजी दोन दिवस आधी सांगावे. ‘शाकाहारी आहे’ एवढ्यावर न थांबता काय चालते व काय चालत नाही याची जपानीत लिहिलेली चिठ्ठी द्यावी, दाशीचा उल्लेख त्यात आवर्जून करावा. रात्री जेवत नाही हे सांगून दुपारची वेळ सुचवावी. आधी कळलेली अट यजमान मनापासून पाळतो. पानावर बसून कळलेली अट मात्र त्याला लाजविते. आपला नियम दुसऱ्याच्या मानहानीस कारण होऊ नये, हीसुद्धा अहिंसेचीच एक बाजू आहे.

सुट्टी, जत्रा आणि मुलांचे प्रश्न

करमणुकीची कोबेत उणीव नाही. एप्रिलच्या आरंभी साकुराच्या फुलांखाली चटया अंथरून कुटुंबे बसतात. शेजारच्या चटईवर सुशीचा डबा उघडला जातो, इकडे ठेपले आणि सुकी भेळ. रोक्कोच्या पायवाटांवर पहाटे चढण्याची तर या शहराची जुनी सवय आहे. रेल्वेने तासाभराच्या आत ताकाराझुका येते. तेथील केवळ स्त्रियांनी सादर केलेली संगीतनाट्ये १९१४ पासून चालू आहेत. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांच्या स्मरणार्थ त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुरू झालेली दिव्यांची आरास आता जानेवारीत होते. ती पाहण्यास जाणे हा करमणुकीपेक्षा शहराच्या दुःखात सहभागी होण्याचाच भाग आहे.

मुलांच्या खेळांत मात्र आई-वडिलांची कसोटी लागते. जपानी मुलांचा उन्हाळा म्हणजे जाळे घेऊन शिंगाळे भुंगेरे पकडणे आणि डब्यात पाळणे. उन्हाळी जत्रेत पातळ कागदाच्या पळीने सोनेरी मासे उचलण्याचा खेळ असतो. वर्गातील सर्व मुले तेथे वाकलेली असताना आपल्या मुलाने दूर उभे राहणे त्याला जड जाते. त्याच जत्रेत रबरी चेंडू उचलण्याचा आणि पाण्याचे फुगे गळाने ओढण्याचाही खेळ असतो. ते ज्या पालकाला ठाऊक असते, तो मुलाचा हात धरून शेजारच्या मांडवात नेतो. मूल हिरमुसत नाही, आणि मासाही हाताळला जात नाही.

थोडे मोठे झाल्यावर मूल आणखी कठीण प्रश्न विचारते: आपण मुळा खात नाही, मग मोती काढल्यावर शिंपल्याचे काय होते? अकोया शिंपला मोती काढताना जगत नाही, हे खरे आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार सांगितला आहे, हेही खरे. या प्रश्नाला गोड उत्तर नाही. मिए प्रांतातील काशिकोजिमा येथे मोती पिकविणारे लोक शिंपल्यांसाठी स्मरणविधी करतात. त्याने हिशेब मिटतो असे नाही. पण आपली उपजीविका कोणाच्या प्राणांवर उभी आहे, हे ते लपवीत नाहीत. पेढीवरच्या बापानेही मुलाला निदान तितके सरळ उत्तर द्यावे. प्रश्न दडपला तर घरातला कांद्याचा नियमही त्याला एक दिवस पोकळ वाटेल.

एकशे आठ घंटा

पादविहारी साधु-साध्वी समुद्र ओलांडून येत नाहीत. त्यामुळे परदेशी संघात धर्म शिकविण्याचे काम श्रावक-श्राविकांवर, विशेषतः मातांवर, येऊन पडते. पर्युषणात सुट्टी नसते. वादळांचा मोसम असतो. तरी प्रतिक्रमणासाठी चढण चढून माणसे मंदिरात जमतात, आणि संवत्सरीला कितानोच्या गल्लीत “मिच्छामि दुक्कडम्” ऐकू येते.

वर्षाच्या अखेरच्या रात्री जपानभर बौद्ध मंदिरांत १०८ वेळा घंटा वाजविली जाते. माणसाचे १०८ क्लेश एकेका ठोक्याने दूर व्हावेत, ही त्यामागील भावना. आपल्या जपमाळेतही मणी १०८ असतात, पंचपरमेष्ठींच्या गुणांचे: अरिहंतांचे १२, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७. तेथे क्लेश मोजले जातात, येथे गुण मोजले जातात. खिडकीशी उभ्या असलेल्या मुलाला आई हा हिशेब समजावून सांगते, तेव्हा शेजाऱ्याची घंटा आणि घरची माळ या दोन्हींचा अर्थ त्याला एकदमच कळतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात काय नसेल हे त्याला पूर्वीपासून ठाऊक असते. ते का नसेल, हेही त्याला सांगितले गेले असेल, तर ते मूल पुढे कोणत्याही देशात गेले तरी आई-वडिलांना चिंतेचे कारण उरणार नाही.