टेस्टोस्टेरॉन चिकित्सा आणि वाढलेले रक्त : वैद्य व औषधविक्रेते यांनी घ्यावयाची दक्षता

टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची उणीव भरून काढणारी चिकित्सा आता केवळ महानगरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. महाड-पोलादपूर परिसरातील असंख्य कुटुंबांचे एक घर गावी, तर दुसरे मुंबईत असते. इंजेक्शन मुंबईतील तज्ज्ञाने सुरू केलेले असते. परंतु गणपतीस वा शिमग्यास गावी आलेला चाकरमानी डोके जड होते, चक्कर येते, अशी तक्रार घेऊन येतो तो आमच्या दवाखान्यात. औषध देणारा दूर आणि लक्षण पाहणारे आम्ही, अशी ही स्थिती असल्याने या चिकित्सेचा सर्वाधिक आढळणारा रक्तगत उपद्रव, म्हणजे तांबड्या पेशींची अतिवृद्धी, प्रत्येक वैद्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

रक्त का वाढते?

टेस्टोस्टेरॉनमुळे यकृतातील हेप्सिडिन हे द्रव्य घटते व शरीरातील लोह रक्तनिर्मितीस अधिक उपलब्ध होते. त्याच वेळी वृक्कातील एरिथ्रोपोएटिनची प्रेरणा वाढून अस्थिमज्जा अधिक पेशी तयार करते. रक्ताच्या एकूण आकारमानापैकी तांबड्या पेशींनी व्यापलेला भाग, म्हणजे अहवालातील पीसीव्ही, प्रौढ पुरुषांत साधारणतः ४० ते ५० टक्के असतो. तो जसजसा वाढतो तसतसे रक्त दाट होते. त्वचेवर लावावयाच्या जेलपेक्षा अल्पकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनांनी ही वाढ अधिक होते. धूम्रपान, फुप्फुसांचे जुनाट विकार व झोपेत श्वास अडकण्याचा विकार असल्यास तीत भर पडते.

अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पीसीव्ही आरंभीच ४८ टक्क्यांहून अधिक असल्यास ही चिकित्सा सुरू करू नये. चिकित्सेपूर्वी, सुरू केल्यावर ३ ते ६ महिन्यांनी व पुढे दरवर्षी तपासणी करावी. पीसीव्ही ५४ टक्क्यांच्या वर गेल्यास औषध थांबवावे, कारण शोधावे आणि आकडा सुरक्षित पातळीवर आल्यावर कमी मात्रेने पुन्हा आरंभ करावा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॅव्हर्स’ या मोठ्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचे प्रमाण औषधरहित गटापेक्षा वाढलेले आढळले नाही. मात्र फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे, हृदयाची अनियमित गती आणि वृक्कांची तीव्र इजा यांचे प्रमाण अधिक आढळले. अवाजवी भीती नको, तसा निष्काळजीपणाही नको, हाच त्याचा बोध.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात रक्तवृद्धीची लक्षणे म्हणून अंग व नेत्र यांची रक्तिमा आणि सिरांची पूर्णता सांगितली आहे. दोन्ही अवस्था तंतोतंत एकच, असा दावा आम्ही करीत नाही. तथापि ही लक्षणे दिसताच इंजेक्शनाविषयी विचारण्याची सवय लावून घ्यावी. अनेक रुग्णांत कोणतेही लक्षण नसते, म्हणून निर्णय अहवालावरच करावा. मे महिन्यातील उकाड्यात वा कारखान्यातील भट्टीजवळ काम करून आलेल्या व्यक्तीचे रक्त पाण्याअभावीही दाट दिसते. अशा वेळी पुरेसे पाणी देऊन, विश्रांतीनंतर तपासणी पुन्हा करावी.

चिकित्सेतील तीन चकवे

१. लोहकल्प : थकव्याची तक्रार ऐकताच नवायस लोह किंवा लोहासव देण्याकडे आपला कल असतो. परंतु वारंवार रक्त काढलेल्या रुग्णात लोहाचा साठा रिता आणि पीसीव्ही मात्र चढा, अशी विचित्र स्थिती संभवते. थकवा लोहक्षयाचा असतो, पण लोह देताच मज्जा जोमाने काम करू लागते व रक्त पुन्हा दाटते. अशा रुग्णास पीसीव्ही पाहिल्यावाचून आणि त्याच्या तज्ज्ञाशी बोलल्यावाचून लोहकल्प देऊ नये.

२. रक्तमोक्षण : एक जळू साधारण ५ ते १५ मिलिलिटर रक्त घेते. रक्तपेढीत ४५० मिलिलिटर रक्त काढल्यावर पीसीव्ही सुमारे ३ टक्क्यांनी उतरतो. यावरून जलौकावचरणाने हे काम होणार नाही, हे उघड आहे. सुश्रुतांनी बलवान, बहुदोष रुग्णातही सिराव्यधाची कमाल मर्यादा एक प्रस्थ ठेवली असून या कामी प्रस्थ साडेतेरा पलांचा धरतात. मर्यादेचे हे भान आपल्या परंपरेतच आहे. रक्त काढण्याचा निर्णय तज्ज्ञाचा असावा व ते रक्तपेढीत वा रुग्णालयात काढावे; मूळ उपाय मात्रा कमी करणे हाच होय.

३. रक्तदान शिबिर : ‘शिबिरात रक्त देऊन टाका’ हा सल्ला सोपा वाटतो. परंतु पुरुष दात्यास दोन रक्तदानांत ९० दिवसांचे अंतर राखावे लागते, आणि तेवढ्याने रक्त आटोक्यात राहीलच असे नाही. घेत असलेले औषध लपवून दान करणे तर गैरच.

औषधविक्रेत्यांस विनंती

टेस्टोस्टेरॉन अनुसूची ‘एच’ मधील औषध असून नोंदणीकृत चिकित्सकाच्या चिठ्ठीवाचून त्याची विक्री करता येत नाही. व्यायामशाळेत जाणारा तरुण चिठ्ठीवाचून मागणी करतो तेव्हा नकार देणे हीच त्याची सेवा. घटकद्रव्ये न छापलेली ‘शक्तिवर्धक’ कॅप्सूल दुकानात ठेवू नये. टेस्टोस्टेरॉन नेणाराच लोहयुक्त टॉनिक मागत असेल, तर ‘शेवटचे रक्त कधी तपासले?’ एवढे अवश्य विचारावे.

आमचे सांगणे थोडक्यात असे : केसपेपरवर ‘सध्या कोणती इंजेक्शने चालू आहेत?’ हा प्रश्न कायमचा असावा. उत्तर होकारार्थी आल्यास सीबीसी करावी. पीसीव्ही ५४ टक्क्यांहून अधिक असल्यास पुढील इंजेक्शनापूर्वी तज्ज्ञाशी त्याच दिवशी संपर्क साधावा व अहवालाची प्रत रुग्णाच्या हाती द्यावी. छातीत दुखणे, अचानक दम लागणे, एका पायास सूज, बोबडी वळणे किंवा एका अंगाची शक्ती जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास तपासणीत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. पोलादपुराच्या डोंगरवाड्यांतून वाहन मिळेपर्यंत जाणारा वेळ आपण सारे जाणतो. म्हणून अशा रुग्णाच्या घरच्यांना ही लक्षणे आधीच समजावून सांगणे, हे आपले कर्तव्य ठरते.