जमिनीच्या दलालीत स्वतंत्र होताना

खामगाव-मलकापूरकडे दलाल म्हटला की पूर्वी कापसाच्या बाजारातील माणूस डोळ्यांसमोर येई. आता जमिनीचा दलाल येतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग खुला झाला. आपल्या जिल्ह्यात तो मेहकर, सिंदखेडराजा या भागातून जातो. प्लॉट, लेआऊट, एन.ए. हे शब्द आज चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. अनेक तरुण एखाद्या मोठ्या एजंटच्या ऑफिसात, त्याच्या टीममध्ये काम करतात. दोन-तीन वर्षांनी त्यांच्या मनात येते की मेहनत आपली आणि नाव दुसऱ्याचे, मग स्वतःचाच बोर्ड का लावू नये?

हा विचार वाईट नाही. कापडाच्या धंद्यातही दुकानातला गुमास्ता पुढे स्वतःची गादी घालतो. परंतु आम्ही इतकी वर्षे पाहत आलो आहोत की नव्या दुकानाचे नशीब बहुधा जुन्या दुकानातून निघतानाच ठरते. जमिनीच्या धंद्यात तर कायदाही मध्ये आहे.

आधी कागदावर हिशेब

समजा, १० लाखांचा प्लॉट विकला आणि दलाली २ टक्के ठरली, तर रक्कम २० हजार होते. त्यातले निम्मे ऑफिसने ठेवले तर हाती १० हजार येतात. हे निम्मे फुकट गेले असे वाटते. पण ऑफिसचे भाडे, जाहिरात आणि मुख्य म्हणजे येणारे गिऱ्हाईक त्याच निम्म्यात असते. टीममध्ये महिन्याला तीन सौदे होत असतील तर ३० हजार मिळतात. स्वतंत्र झाल्यावर एकच सौदा झाला तर २० हजार येतील आणि पेट्रोल, भाडे, फोन त्यातूनच जाईल. तेव्हा निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय पाऊल उचलू नये.

नंबर ऑफिसचा असतो

स्थावर संपदा कायदा २०१६ चा आहे आणि महाराष्ट्रात महारेरा १ मे २०१७ पासून काम करीत आहे. नोंदणीकृत प्रकल्पातील प्लॉट किंवा फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटला महारेराची नोंदणी लागते. टीममध्ये असताना आपण ऑफिसच्या नोंदणीवर काम करतो. ऑफिस सोडले की तो नंबर आपल्याला वापरता येत नाही. जानेवारी २०२३ च्या आदेशाने महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. हे सक्षमता प्रमाणपत्र माणसाच्या नावाचे असते, नोंदणी मात्र ऑफिसच्या नावाची. म्हणून प्रमाणपत्र टीममध्ये असतानाच मिळवावे आणि मग स्वतःच्या नावे नोंदणी करावी. २०१७ च्या नियमांत एका व्यक्तीसाठी १० हजार आणि फर्म-कंपनीसाठी १ लाख रुपये फी ठरली. मुदत ५ वर्षांची आहे.

नोंदणी येईपर्यंत असा सौदा करू नये. कलम ६२ प्रमाणे दररोज १० हजार रुपये दंड होऊ शकतो आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

करारातील अट

काही ऑफिसे लिहून घेतात की सोडल्यावर अमुक वर्षे या तालुक्यात हा धंदा करणार नाही. तरुण याला घाबरतात. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे धंद्याला बंदी घालणारा करार साधारणपणे रद्दबातल असतो. आपल्या श्रीरामपूरचे क्रिकेटपटू जहीर खान यांचा जाहिरातींचे काम पाहणाऱ्या कंपनीशी २००० साली तीन वर्षांचा करार झाला होता. मुदत संपल्यावरही दुसऱ्याचा प्रस्ताव आधी आपल्याला दाखवावा, अशी त्यात अट होती. २००६ साली सुप्रीम कोर्टाने मुदतीनंतर ही अट चालणार नाही असे ठरविले.

पण मुदतीच्या आतली गोष्ट वेगळी आहे. कल्याणच्या एका कारखान्यातील कर्मचारी पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून दुसऱ्या कंपनीत गेला, तेव्हा १९६७ साली सुप्रीम कोर्टाने त्याच्यावरील बंधन कायम ठेवले. म्हणून मुदत पुरी करावी किंवा लेखी संमती घ्यावी. ऑफिसच्या रजिस्टरची नक्कल करून नेणे हा तर सरळ बेइमानीचा प्रकार आहे. आपल्या ओळखीने आलेले गिऱ्हाईक आणि ऑफिसच्या जाहिरातीने आलेले गिऱ्हाईक, यातला फरक आपल्याला माहीत असतो.

निघताना तीन कागद

पहिला, पुरेशा मुदतीची लेखी सूचना. दुसरा, अर्धवट सौद्यांची यादी: कोणता प्लॉट, बयाणा किती, खरेदीखत बाकी आहे का आणि पुरे झाल्यावर आपला वाटा किती. यावर दोघांच्या सह्या असाव्यात. एरवी खरेदी वर्षभराने होते आणि तोपर्यंत तोंडी बोलणे कोणाला आठवत नाही. तिसरा, गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या प्रत्येक पैशाचा हिशेब. बयाण्याची रक्कम ही अमानत आहे, ती पावती घेऊनच जमा करावी.

पुढे सारे आपल्या नावावर

टीममध्ये चूक झाली तर लोक ऑफिसला जाब विचारतात. आता आपल्या दारात येतील. सातबारा, फेरफार, अकृषिक आदेश आणि मंजूर नकाशा स्वतः पाहावा. जमीन भोगवटादार वर्ग-२ ची असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. विदर्भाच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्यामुळे शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला सहज विकता येत नाही. प्रवर्तक नोंदणीकृत कराराशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हेही गिऱ्हाइकाला आपणच सांगावे. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी लागतो, म्हणून वही पहिल्या दिवसापासून लिहावी.

प्लॉट घेणारा बहुधा मुलीच्या लग्नासाठी साठवलेले किंवा बाहेरगावी राबून आणलेले पैसे घेऊन येतो. तो सातबारा वाचत नाही, आपल्या तोंडाकडे पाहून सही करतो. स्वतंत्र धंद्यात हाच विश्वास आपले भांडवल आहे. जुन्या ऑफिसातून हिशेब चुकता करून निघालेल्या माणसाचे नाव बाजारात त्याच्या बोर्डाच्या आधी पोहोचते.