‘कॅन’ की ‘कॅन्ट’? अर्थात, गिळलेल्या स्वरांचा फंडा

क्लायंटचा कॉल संपला की ऑफिसात हमखास ऐकू येतं, ‘यार, हा अर्धे शब्द गिळतो!’ मी म्हणते, गिळू दे. हा आळशीपणा नाही बॉस, हा इंग्रजीचा नियम आहे.

इंग्रजी शब्दात एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीच्यांची अक्षरशः उपासमार होते. जोर नसलेला स्वर आखडत जातो आणि बहुतेक वेळा एका पुसट ‘अ’वर येऊन थांबतो. याचं नाव ‘श्वा’, शब्द मूळचा हिब्रू. डिक्शनरीत उच्चार देताना छोटा ‘ई’ उलटा छापलेला दिसतो ना, तोच हा. बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर!

‘फोटोग्राफ’मधला ‘फो’ कसा ठणठणीत असतो. पण ‘फोटोग्राफी’ म्हटलं की जोर पुढच्या अक्षरावर सरकतो आणि उच्चार होतो ‘फटॉग्रफी’. ‘प्रॉब्लेम’चा होतो ‘प्रॉब्लम’, ‘कम्फर्टेबल’चा चक्क ‘कम्फ्टबल’. टू, फॉर, अँड या चिल्लर शब्दांचं तर नुसतं ‘ट’, ‘फर’, ‘अन’ उरतं.

खरा लोचा होतो तो ‘कॅन’चा. अमेरिकन माणूस ‘आय कॅन डू इट’ म्हणताना ‘कॅन’चा ‘कन’ करतो. मोकळा, स्पष्ट ‘कॅ’ त्याच्या कानाला ‘कॅन्ट’ची खूण वाटतो, कारण ‘कॅन्ट’मधला ‘ट’ बऱ्याचदा तोंडातच राहतो. आता आपली टीम लीडर एकेक शब्द सुटा करत सांगते, ‘वुई कॅन फिनिश इट बाय फ्रायडे.’ पलीकडे ऐकू जाऊ शकतं, ‘जमणार नाही.’ म्हणजे डेडलाइनला दिलेला होकार नकार होऊन पोहोचला!

गंमत म्हणजे हा श्वा आपल्याला परका नाहीच. आपला रोजचा ‘अ’ म्हणजे जवळपास तोच. आणि गिळण्यात आपण कुठे कमी आहोत? ‘बसला’ लिहितो, म्हणतो ‘बस्ला’. ‘घरचा’ लिहितो, म्हणतो ‘घर्चा’. स्वर आहे, सवयही आहे. फक्त इंग्रजी आपल्यापैकी बरेचजण कानांनी कमी आणि स्पेलिंग वाचून जास्त शिकलो. त्यामुळे दिसेल ते अक्षर इमानदारीत म्हणतो.

म्हणून उगाच फॉरेनचा अ‍ॅक्सेंट मारायची गरज नाही. आपलं इंग्रजी आपलंच राहू दे. जोर तेवढा जागेवर पडला की झालं.

ट्राय करून बघा

• डिक्शनरीत उच्चारातली छोटी उभी रेघ शोधा. तिच्या पुढच्या अक्षरावर जोर द्या.
• होकार देताना ‘कॅन’ पटकन उरका, जोर ‘फिनिश’वर.
• नकार द्यायचाय? सरळ ‘कॅनॉट’ म्हणा.
• ऐकताना जोराचे शब्द पकडा. गिळलेले आपोआप कळतील.