विधानसौधाचा रस्ता के. आर. पुरमवरून

बंगळुरूच्या पूर्वेला जुना मद्रास रस्ता आणि रिंगरोड जिथे एकमेकांना भिडतात, तिथे रेल्वेच्या रुळांवर तारांनी तोलून धरलेला एक पूल आहे. सगळे त्याला ‘हँगिंग ब्रिज’च म्हणतात. अलीकडे टिन फॅक्टरीचा गजबजलेला बसथांबा, तर पलीकडे दूरवाणीनगर. 1948 साली तिथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली आणि नव्या प्रजासत्ताकाचे टेलिफोन घडू लागले. हा सगळा परिसर म्हणजे कृष्णराजपुरम, बोलण्यातलं के. आर. पुरम.

इथल्या मतदारांनी 19 महिन्यांत एकाच माणसाला दोनदा निवडून दिलं. मे 2018 मध्ये बैरती बसवराज काँग्रेसच्या हातावर आमदार झाले. डिसेंबर 2019 च्या पोटनिवडणुकीत तेच भाजपच्या कमळावर साठ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. मधल्या काळात सरकार बदललं होतं. आपलं मंत्रिमंडळ कसं घडतं आणि कशाने मोडतं, हे समजून घ्यायला या 19 महिन्यांइतका चांगला धडा नाही.

जुलै 2019 मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री कुमारस्वामी यांच्या आघाडी सरकारच्या बसवराजांसह अनेक आमदारांनी राजीनामे दिले आणि त्यांतले बरेचसे मुंबईत येऊन राहिले. 10 जुलैला त्यांना भेटायला आलेले काँग्रेसचे मंत्री डी. के. शिवकुमार भर पावसात पवईच्या हॉटेलबाहेर अडवले गेले, हे मराठी वाहिन्यांवर आपण दिवसभर पाहिलं. 23 जुलैला विश्वासदर्शक ठराव 99 विरुद्ध 105 असा पडला आणि तीन दिवसांनी भाजपच्या येडियुरप्पांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. विधानसभाध्यक्ष रमेश कुमार यांनी दोन टप्प्यांत 17 आमदारांना अपात्र ठरवलं, तेही 2023 मध्ये विधानसभेची मुदत संपेपर्यंत.

या वादावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ज्या नावाने ओळखला जातो, ते आपल्या ओळखीचं आहे: श्रीमंत बाळासाहेब पाटील. बेळगाव जिल्ह्यातल्या कागवाडचे तेव्हाचे आमदार. मराठी सीमाभागातला हा माणूस आता कायद्याच्या पुस्तकात कायमचा जाऊन बसला आहे. निकाल आला 13 नोव्हेंबर 2019 रोजी. आदल्याच दिवशी महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट लागली होती, त्यामुळे आपलं लक्ष मुंबईकडे होतं आणि या निकालाकडे आपण पुरेसं पाहिलंच नाही. न्यायालयाने अपात्रता योग्य ठरवली. राजीनामा दिला म्हणून पक्षांतराचा दोष धुऊन निघत नाही, असं स्पष्ट केलं. मात्र निवडणूक लढवायला मुदतभर बंदी घालण्याचा अधिकार अध्यक्षांना नाही, असंही सांगितलं.

इथे राज्यघटनेचं कलम 164 (1ख) पाहायला हवं. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने दोन गोष्टी केल्या. मंत्रिमंडळाला सभागृहाच्या 15 टक्क्यांची मर्यादा घातली. म्हणून कर्नाटकात 34 आणि महाराष्ट्रात 43 च्या वर मंत्री होत नाहीत. शिवाय पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्याला मंत्रिपद बंद केलं, पण सभागृहाची मुदत संपेपर्यंत किंवा तो पुन्हा निवडून येईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवरच. ‘जे आधी घडेल’ या तीन शब्दांत सगळी वाट मोकळी झाली. बसवराज 28 जुलैला अपात्र ठरले आणि 9 डिसेंबरला निवडून आले. साडेतीन वर्षांहून अधिकची शिक्षा 134 दिवसांत संपली. अपात्र ठरलेल्यांपैकी 11 जण परत निवडून आले आणि 6 फेब्रुवारी 2020 रोजी त्यांतल्या दहा जणांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. श्रीमंत पाटील त्यांत होते, बसवराजही होते.

मग मतदारांनीच कौल दिला, तर तक्रार कसली? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर बाबासाहेब आंबेडकरांनी देऊन ठेवलं आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी सांगितलं की कार्यकारी सत्ता स्थिर हवी आणि जबाबदारही हवी. दोन्ही सारख्या प्रमाणात मिळत नाहीत, म्हणून मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे. या जबाबदारीचे त्यांनी दोन हिशेब सांगितले. एक रोजचा, तो आमदार-खासदारांनी प्रश्न विचारून आणि अविश्वास ठराव आणून घ्यायचा. दुसरा मुदतीचा, तो मतदारांनी निवडणुकीत घ्यायचा. रोजचा हिशेब जास्त परिणामकारक, असं त्यांचं मत होतं.

के. आर. पुरममध्ये मुदतीच्या हिशेबाने रोजचा हिशेब झाकला गेला. मतदानयंत्रावर नाव असतं, चिन्ह असतं. ‘पक्ष का सोडलास?’ हे विचारायला बटण नसतं. आणि ज्याने सरकारला जाब विचारायचा, त्याला सरकार पाडण्याच्या बदल्यात मंत्रिपदाची आशा धरता येत असेल, तर सभागृहातला प्रत्येक प्रश्न संशयाचा होतो.

मंत्रिपद आल्याने मतदारसंघाला काय मिळालं, हेही पाहू. बसवराज यांच्याकडे नगरविकास खातं आलं. पण बंगळुरूची महापालिका, विकास प्राधिकरण, पाणीपुरवठा मंडळ आणि मेट्रो मुख्यमंत्र्यांकडेच राहिले. टिन फॅक्टरीच्या कोंडीत अडकलेल्या माणसाचा आमदार राज्याचा नगरविकास मंत्री होता आणि त्याचं शहर त्याच्या खात्यात नव्हतं. सप्टेंबर 2020 मध्ये बंगळुरू महापालिकेची मुदत संपली आणि नगरसेवकही गेले.

मे 2023 मध्ये मतदारांनी मुदतीचा हिशेब केला. कागवाडने श्रीमंत पाटलांना नाकारलं, के. आर. पुरमने बसवराजांना पुन्हा निवडलं. दोन्ही कौल मान्यच करायला हवेत, कारण आपला प्रतिनिधी कोण हे ठरवणं मतदाराचा हक्क आहे. मंत्री होणं ही वेगळी गोष्ट. म्हणून कलम 164 (1ख) मधून पुन्हा निवडून येण्याचा पर्याय आणि ते तीन शब्द काढावेत. अपात्र ठरलेल्याने खुशाल लढावं, जिंकून आमदार म्हणून सभागृहात बसावं. पण ज्या सभागृहात त्याने पक्षांतर केलं, त्याची मुदत संपेपर्यंत त्याने मंत्र्यांना प्रश्न विचारावेत, मंत्री होऊ नये. के. आर. पुरमच्या मतदाराने बोटाला शाई लावून घेतली ती आमदार निवडण्यासाठी. तिच्यावर अपात्रता पुसण्याचं ओझं टाकू नये.