हायब्रिड मोटारीचा जमाखर्च

डहाणू रोडच्या व्यापारी कुटुंबाची मोटार दोन प्रकारच्या रस्त्यांवर धावते. स्थानकालगतच्या बाजारात ती पावलोपावली थांबते; चारोटीला मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागला, की तलासरी ओलांडून वापी-सुरतेपर्यंत जवळजवळ एका वेगाने जाते. हायब्रिड मोटार घेताना हा फरक आधी ध्यानात घ्यावा. कारण ‘हायब्रिड’ या एकाच नावाखाली दोन निराळ्या यंत्ररचना विकल्या जातात.

माइल्ड हायब्रिडमध्ये गाडी ओढण्याचे मुख्य काम इंजिनच करते. इंजिनाला पट्ट्याने जोडलेला स्टार्टर-जनरेटर आणि लहान बॅटरी वेग घेताना त्याला हातभार लावतात, गाडी थांबताच बंद झालेले इंजिन अलगद पुन्हा सुरू करतात व ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही अंश साठवतात. भारतात मिळणाऱ्या अशा गाड्या सहसा केवळ विजेवर चालत नाहीत.

फुल हायब्रिड, म्हणजेच बाजारातील ‘स्ट्राँग हायब्रिड’, हिची विद्युत मोटर व बॅटरी मोठी असते. कमी वेगात इंजिन बंद ठेवून ती काही अंतर विजेवर जाते. घरी चार्जिंग करावे लागत नाही. बॅटरी इंजिन व ब्रेक यांवरच भरते. 1997 मध्ये जपानमध्ये आलेल्या टोयोटा प्रियसची रचना हीच. गर्दीत तिची बचत ठळक दिसते. महामार्गावर ब्रेकचे प्रसंग कमी, म्हणून तो लाभ घटतो.

2022 मध्ये मारुती सुझुकीची ग्रँड विटारा दोन्ही रचनांत आली. चाचणीतील आकडे असे: हाताच्या गिअरची माइल्ड लिटरला 21.11 किलोमीटर, स्ट्राँग 27.97. वर्षाला 12,000 किलोमीटर धरल्यास सुमारे 139 लिटर पेट्रोल वाचते. लिटरला 100 रुपये धरले, तर वर्षाची बचत 13,900 रुपये. दोन गाड्यांच्या किमतीत समजा 3 लाखांचे अंतर असेल, तर ते भरून निघण्यास एकवीस वर्षांहून अधिक काळ लागेल. तिप्पट धावणाऱ्या गाडीला मात्र सात वर्षांहून थोडा अधिक काळ पुरेल. प्रत्यक्ष रस्त्यावर सरासरी चाचणीपेक्षा कमीच भरते, हेही गृहीत धरावे.

स्ट्राँग प्रकारात मोठ्या बॅटरीमुळे डिकीतील जागाही कमी होते. मालाचे नमुने नेणाऱ्याने ती प्रत्यक्ष पाहावी, बॅटरीच्या हमीची वर्षे लेखी घ्यावीत आणि गेल्या वर्षीचे आपले किलोमीटर मोजूनच सौदा ठरवावा.