युद्धपटांतील कात्री

“डोळ्यांनीं पाहिलें तें खोटें कसें असेल?” असें आमचे विद्यार्थिमित्र चित्रपटांविषयीं पुष्कळदां विचारतात. दुसऱ्या महायुद्धांतील दोन प्रचारपटांची हकीकत त्यांनीं अवश्य ऐकावी.

पहिला जर्मनीचा. ‘देअर एविगे युडे’, म्हणजे ‘चिरंतन यहूदी’, हा फ्रिट्स हिप्लर यानें दिग्दर्शित केलेला बोलपट १९४० सालीं बर्लिन येथें प्रथम दाखविण्यांत आला. पोलंड जिंकल्यावर सरकारी छायाचित्रकार लोज शहरीं गेले व तेथील भेदरलेल्या यहूदी लोकांचीं आणि त्यांच्या दाटीवाटीच्या वस्त्यांचीं दृश्यें त्यांनीं टिपलीं. पुढें त्या दृश्यांना उंदरांच्या झुंडी जोडल्या, आणि हे दोन्ही सारखेच, असें निवेदक सांगूं लागला. माणसें खरीं, उंदीरहि खरे. खोटा होता तो मधला सांधा.

कात्रीची करामत येथेंच संपत नाहीं. ‘द हाउस ऑफ रॉथ्स्चाइल्ड’ हा १९३४ चा अमेरिकन बोलपट वस्तुतः यहूद्यांविषयीं सहानुभूति दाखविणारा. त्यांत जुलमी करापासून घरचा पैसा लपविण्याचा एक प्रवेश आहे. तेवढाच कापून घेऊन तो त्यांच्या लबाडीचा पुरावा म्हणून दाखविला. पीटर लोरे या यहूदी नटानें दुसऱ्या एका बोलपटांत खुनी माणसाची भूमिका केली होती. तें सोंगच त्याच्या समाजाचें खरें रूप ठरलें! या न्यायानें गांवच्या नाटकांत रावण होणाऱ्या गृहस्थाची काय गत व्हावी? पण ही थट्टेची गोष्ट नव्हे. युद्ध संपेपर्यंत सुमारें साठ लक्ष यहूद्यांची हत्या झाली.

मात्र हा दोष पराभूतांच्याच माथीं मारून चालणार नाहीं. फ्रँक काप्रा यांच्या देखरेखीखालीं अमेरिकन सैनिकांसाठीं तयार झालेला ‘नो युअर एनिमी: जपान’ हा पट ९ ऑगस्ट १९४५ रोजीं बाहेर पडला. जपान्यांच्याच चित्रपटांतील तुकडे त्यांत वापरले आहेत, आणि जपानी शिपाई म्हणजे जणूं एकाच निगेटिव्हवरून काढलेल्या प्रती, असें वर्णन केलें आहे. अमेरिकेंतील जपानी वंशाच्या लोकांची निष्ठा आरंभीं मान्य केली आहे खरी. परंतु १९४२ पासून अशा सुमारें १,२०,००० लोकांना कोणताहि खटला न चालवितां कांटेरी तारांआड ठेविलें होतें! त्यांतील दोनतृतीयांश जन्मानेंच अमेरिकन नागरिक. जर्मन वंशाच्या नागरिकांवर अशी सरसकट पाळी आली नाहीं. त्या छावण्यांतूनहि कित्येक तरुण अमेरिकन सैन्यांत शिरून इटली व फ्रान्स येथें लढले. सरकारनें कायदा करून क्षमा मागितली व हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर देऊं केले, तें १९८८ सालीं.