यकृताचा फोटो

अवयव प्रत्यारोपणात कृत्रिम बुद्धिमत्ता आली म्हटलं की आधी रोबोटचा हात आठवतो. पण तो हात पलीकडे कन्सोलवर बसलेला सर्जन हलवतो. संगणकाची खरी लुडबुड टाके घालण्याच्या बरीच आधी, अवयव निवडताना सुरू होते.

यकृताचंच बघा. मेंदूमृत दात्याचं पोट उघडलं की सर्जन आधी नुसता निरखतो. चांगलं यकृत तांबूस-तपकिरी, कडा धारदार. चरबी साठलेली असेल तर रंग पिवळसर, कडा बोथट. मग बोटांनी चाचपणी. शंका उरली तर बायोप्सी. ही नजर वर्षानुवर्षांच्या कामाने येते, तरी एकाच यकृतावर दोन अनुभवी सर्जनांची मतं वेगळी पडतात. रात्रभर जागलेल्या डोळ्यांचा तर भरवसा आणखी कमी. ब्रिटनमध्ये न्यूकॅसल आणि ब्रॅडफर्ड विद्यापीठांचे संशोधक याच कामासाठी संगणकाला हजारो फोटो दाखवून शिकवत आहेत. सर्जनने फोटो काढायचा, संगणकाने प्रत सांगायची.

रत्नागिरीसारख्या ठिकाणी याचा उपयोग चटकन कळतो. मुंबई सव्वातीनशे किलोमीटरहून लांब, वाटेत परशुराम घाट. शरीराबाहेर बर्फात हृदय टिकतं साधारण 4 तास, यकृत 8 ते 12, मूत्रपिंड 24 तास किंवा थोडं अधिक. म्हणजे रस्त्याने हृदय जवळजवळ बादच. यकृताला वेळ पुरतो, पण वाया घालवण्याइतका नाही. इथे पोट उघडताच फोटो गेला, तर तिकडे रुग्णाला टेबलावर घ्यायचं की घरी पाठवायचं, हे लवकर ठरेल.

अवयव कोणाला द्यायचा, हे मात्र सूत्रावर सोपवताना जपून. ब्रिटनने 2018 मध्ये यकृतवाटपासाठी गुण देणारं नवं सूत्र आणलं. तरुण रुग्ण त्यात मागे पडतात, अशी टीका पुढे झाली. सूत्र पुढची पाच वर्षंच मोजत होतं, आणि तरुणाला मिळणारा फायदा त्याहून लांबचा.

आणि या सगळ्याच्या आधी आपल्याकडे 1994 चा अवयव प्रत्यारोपण कायदा उभा आहे. मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. त्यानंतर नातेवाइकांशी बोलणं. व्हेंटिलेटरवर छाती हलताना दिसते, अंग गरम लागतं. गेला म्हणता कसा, असा प्रश्न येतोच. तिथे कुठलंच सॉफ्टवेअर कामाचं नाही. 2011 च्या दुरुस्तीने प्रत्यारोपण न करणाऱ्या रुग्णालयांनाही अवयव काढण्यापुरती नोंदणी करता येते. जिल्ह्याला आधी ती नोंदणी हवी, अतिदक्षता विभाग हवा, मेंदूमृत्यूची चाचणी घेणारे डॉक्टर हवेत. फोटोची पाळी त्यानंतरची.